हुलकावणी

सुपारीनं माझ्या कुर्त्याचा घेर दातांत धरला आणि सगळ्या वर्गासमोर मला गरकन फिरवलं.

"सोड," मी म्हटलं. तिनं सोडलं नाही. उलट मानेला असा झटका दिला की शिवण उसवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पलीकडे एका बँकवाल्या काकांचा जाडजूड लॅब्रॅडोर शहाण्या मुलासारखा बसून हे पाहत होता, आणि काका त्याच्याहूनही शहाणा चेहरा करून पाहत होते.

डॉक्टर झरीन मुजावर शांतपणे जवळ आल्या, सुपारीच्या नाकासमोर उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरला आणि माझी सुटका केली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "उजवीकडचं पिंप. त्याला वळसा घालून परत तुझ्याकडे. डावीकडच्या बोगद्याकडे तिनं पाहायचंसुद्धा नाही."

मी धावले. उजवा हात चांगला लांब करून पिंप दाखवलं. सुपारी माझ्या बाजूनं सुसाट निघाली आणि ऐन वेळी थबकली. एकदा पिंपाकडे पाहिलं, एकदा बोगद्याकडे, मग माझ्याकडे पाहून इतक्या वैतागानं भुंकली की शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. आणि पुन्हा कुर्ता.

"काहीतरी गडबड आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही शिडीतून चालते, फळीवरून चालते, हाक मारली की येते. तू चालत असलीस तरी सगळं ठीक करते. तू पळायला लागलीस की मात्र हिचं डोकं फिरतं."

"कारवान आहे ना," काका म्हणाले. "शिकारी जात. त्यांना शिकवून उपयोग नसतो."

मला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. कारण नेमकं हेच वाक्य बिरूमामा आमच्या व्हरांड्यात बसून म्हणाला होता, आणि ते खरं ठरलं असतं तर सुपारी माझी राहणार नव्हती.

बिरूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जत तालुक्यात त्याची मेंढरं, आणि मेंढरांच्या राखणीला कारवान कुत्री, लांब पायांची, पोट पाठीला लागलेली, हरणासारखी पळणारी. सुपारी त्याच्याकडचीच. ती आमच्या मिरजेच्या घरात आली ती माझ्या गुडघ्यामुळं.

मी खो-खो खेळायचे. खेळायचे म्हणजे दुसरं काही करतच नव्हते. माझे वडील, आप्पा, शाळेत खेळाचे शिक्षक. बंडगर सर म्हटलं की आमच्या भागातल्या खो-खोच्या मैदानावर माणसं सरळ उभी राहायची. त्यांनीच मला तयार केलं, आणि जिल्ह्याच्या संघात माझं नाव पळती म्हणून होतं. पाठलाग करणाऱ्या मुलींच्या हाती न लागता जास्तीत जास्त वेळ मैदानात टिकायचं, हे माझं काम. मग एका सामन्यात खांबाला वळसा घालताना गुडघ्यात काहीतरी तुटलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधी चालायला परवानगी दिली, पुढं हळूहळू पळायलाही दिली, पण सामन्यांवर कायमची फुली मारली. त्या दिवसापासून आमच्या घरात खो-खो हा शब्द कुणी उच्चारला नाही. आप्पा पंच म्हणून बाहेरगावी निघाले की "जरा काम आहे" एवढंच सांगायचे, जसं काही चोरीलाच निघालेत. मीही काही विचारायचे नाही. ज्या माणसाशी मी जन्मभर फक्त खेळाबद्दल बोलत आले होते, त्याच्याशी बोलायला मग काही उरलंच नाही.

मी पलंगावर पडून होते तेव्हा मामा शर्टाच्या आत पिल्लू घालून आला. "पोरीचं मन रमंल," म्हणाला. रंगावरून आईनं तिचं नाव सुपारी ठेवलं. तिनं पहिल्याच आठवड्यात आप्पांचे कॅनव्हासचे बूट खाल्ले आणि आप्पांनी जाहीर केलं, "हे जनावर व्हरांड्याच्या आत न्हाई यायचं." मन मात्र माझं रमलं. तिला हिंडवायला म्हणून मी उठले, तिच्या मागं म्हणून चालले, आणि एक दिवस ती दोरी तोडून पळाली तेव्हा तिच्यामागं मी चक्क धावले. धावून झाल्यावर मला आठवलं की मला पायाची भीती वाटते.

आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मामा तिला परत न्यायला आला.

त्याचं चुकत नव्हतं. सुपारीची आई म्हातारी झाली होती आणि त्या वाणाचं दुसरं पिल्लू त्याच्याकडं उरलं नव्हतं. "पोरगी आता हिंडती-फिरती झाली," तो म्हणाला. "मला मेंढरांमागं कुत्रं लागतंय. हितं शहरात बांधून घालून काय करणार तिचं? कारवानाला शिकवून तरी काय उपेग?"

मी एवढी घोडी, पण रडायला लागले. आप्पांना रडणं बघवत नाही. ते खांबासारखे ताठ बसले आणि म्हणाले, "बिरू, ती मुजावर डॉक्टरांकडं शिकायला जातीया. पावसाळ्याच्या तोंडाला तिथं परीक्षा हाय. पास झाली तर हितं राहील. नापास झाली तर तू घेऊन जा. माझा शब्द."

"कारवान आन् परीक्षा?" मामा पोट धरून हसला. "दाजी, वाऱ्याला दावं बांधाय निघालाय व्हय? चालतंय. ठरलं."

आप्पांचा शब्द म्हणजे काय हे मामाला माहीत होतं आणि मलाही. शाळेत असताना एका अंतिम सामन्यात मी रेषेवरून बाहेर गेले. कुणी पाहिलं नव्हतं. पंच होते आप्पा. त्यांनी शिट्टी वाजवली, मला बाद दिलं, आम्ही हरलो, आणि घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "पोरगी दमलीया, तिला दूध दे."

मुजावर डॉक्टर जनावरांच्या डॉक्टर. दवाखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर दर रविवारी सकाळी त्या कुत्र्यांचा वर्ग घ्यायच्या. अडथळ्यांच्या शर्यतीचा वर्ग. त्यात कुत्रं आडव्या काठ्यांवरून उड्या मारतं, बोगद्यातून जातं, फळ्यांवरून चालतं, आणि माणूस शेजारून पळत त्याला पुढची वाट दाखवतो. पण लहान कुत्र्याला त्या उडी मारू देत नसत. "हाडं भरू देत आधी," म्हणायच्या. "तोवर पाया घाला." पाया म्हणजे नाव घेतलं की मान वळवायची. तळहाताला नाक लावायचं. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या शिडीच्या दांड्यांमधून एकेक पाय उचलत जायचं, म्हणजे मागचे पाय आपलेच आहेत हे कुत्र्याला कळतं. सांगितलं की बसायचं आणि हाक येईपर्यंत उठायचं नाही. आणि माणूस पळत असताना तो दाखवेल त्या वाटेनं जायचं. आमचं घोडं अडलं होतं ते या शेवटच्या गोष्टीवर.

त्या रविवारी मला न्यायला आप्पा स्कूटर घेऊन आले. ते कधी आत येत नसत, तारेच्या कुंपणाबाहेरच थांबत. डॉक्टरांनी मला आणखी एकदा पळायला लावलं. हात उजवीकडे, आणि सुपारी निघाली ती थेट डावीकडच्या बोगद्यात. दुसऱ्या तोंडातून बाहेर येऊन माझ्यावर भुंकायला लागली.

कुंपणाबाहेर कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं तर आप्पा. तारेला दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून ते खदाखदा हसत होते. माझा गुडघा गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"सर, आत या," डॉक्टर म्हणाल्या. "आम्हालाही सांगा काय झालं."

आप्पा आत आले. आधी सुपारीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी बघतच राहिले, कारण तोवर त्यांनी तिला हात लावलेला नव्हता.

"डॉक्टर, कुत्री बरोबर हाय," ते म्हणाले. "माझी पोरगी खोटं बोलतीया."

"मी?" मी म्हटलं. "मी हात दाखवला की उजवीकडं."

"हात दाखवलास. आन् डावा खांदा कुठं टाकलास? पाऊल कुठं टाकलंस?" ते डॉक्टरांकडे वळले. "ही खो-खोत पळती होती. पळतीचं काम काय, तर फसवायचं. इकडं जाते असं दाखवायचं आन् तिकडं जायचं. हुलकावणी. मीच शिकवली हिला. सहावीत असल्यापासून हिच्या डोक्यात एकच घातलं, की पळताना अंगावरनं कुणाला काही कळता कामा नये. आता ही पळायला लागली की अंग आपसूक खोटं बोलतंय. जिल्ह्यातल्या पोरी हिच्या खांद्यावर फसल्यात. ही तर बिचारी कुत्री."

डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग त्याही हसायला लागल्या. "कुत्री हाताकडे फारसं पाहत नाहीत," त्या म्हणाल्या. "खांदा, छाती, पाऊल. तिथंच त्यांचं लक्ष. मी पायच पाहत बसले इतके दिवस, गुडघ्यामुळं असेल म्हणून. पण सर, हे आता काढायचं कसं? इतक्या वर्षांची सवय आहे."

"घातलंय मी," आप्पा म्हणाले. "मीच काढतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. खो-खोचे दोन खांब तिथंच होते, मधली आखणी फिकट झाली होती. इतक्या दिवसांनी त्या मातीत पाय ठेवताना मी रेषेशीच थांबले. आप्पांनी ते पाहिलं असणार, पण ते एवढंच म्हणाले, "चप्पल काढ."

मग त्यांनी मला दोन खांबांच्या मध्ये उभं केलं. "आज तू पळती न्हाईस. आज तू पाठलागावर. पाठलागाचा नियम काय?"

"एकदा दिशा घेतली की तीच. खांदा मागं फिरवायचा नाही."

"फिरवला तर?"

"फाऊल."

"बास. तेवढंच हाय. त्या खांबाकडं जायचंय तर खांदा त्या खांबाकडं. पाऊल त्या खांबाकडं. आन् डोकंपण."

ऐकायला सोपं होतं. पण मला पाठलाग कधीच आवडला नव्हता. त्यात कसली गंमत, सगळ्यांना दिसेल असं सरळ जायचं. मी सुपारीला घेऊन निघाले आणि चार पावलांत आप्पांचा आवाज आला, "फाऊल." पुन्हा निघाले. "फाऊल." माझं अंग मला विचारतच नव्हतं. डाव्या बाजूला जायचं ठरवलं की आधी खांदा किंचित उजवीकडं झुकायचा, जसा भाजी निवडताना बायकांचा हात आपोआप चालतो तसा. आप्पा फाऊल म्हणाले की सुपारी त्यांच्याकडे पाहून एकदा भुंकायची. थोड्याच दिवसांत तिनं एवढी प्रगती केली की मी चुकले की आधी ती भुंकायची, मग आप्पा फाऊल म्हणायचे.

"सहायक पंच मिळाला," आप्पा म्हणाले.

मी चिडायचे, मातीत बसून राहायचे, म्हणायचे की मला जमणार नाही. आप्पा काही समजूत घालायचे नाहीत. "दम खा आन् उठ," एवढंच. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता ते ऐकलं की मला बरं वाटायला लागलं. कुणीतरी माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखं बोलत होतं.

आणि एके सकाळी ते जमलं. कसं जमलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी पलीकडच्या खांबाकडे निघाले, खांदा टाकला, पाऊल टाकलं, आणि सुपारी माझ्या पुढं निघून गेली. विचारायला थांबली नाही, मागं वळून पाहिलं नाही. खांबाला घट्ट वळसा घालून, माती उडवत, कान मागं टाकून ती माझ्याकडं आली, आणि मी तोवर दुसऱ्या खांबाकडं खांदा वळवला होता, तर ती तशीच तिकडं गेली. मी पळत होते आणि ती पळत होती आणि आमच्या मध्ये काही शंकाच नव्हती. खोटं न बोलता पळण्यात एवढा आनंद असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी हसत होते, मोठ्यांदा हसत होते. आप्पा मैदानाच्या कडेनं आमच्याबरोबर पळत होते आणि "शाब्बास गं बाई, शाब्बास" म्हणत होते. ते नेमके कुणाला म्हणत होते ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आप्पांचं काही खरं राहिलं नाही. एका सकाळी मला उशिरा जाग आली, तर सुपारीही नाही आणि आप्पाही नाहीत. मैदानावर जाऊन पाहते तो काय, आप्पा मधोमध दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे, आणि सुपारी खांबांभोवती पळतेय. ते नुसता खांदा वळवायचे, किंचित, शर्टाची बाही हलल्यासारखा. ती त्या बाजूला सुटायची.

"हात लागतच न्हाईत," मला पाहून ते जरा ओशाळले. "म्हटलं, बघावं."

घरी आई तर त्यांना टोमणे मारायची एक संधी सोडेना. "व्हरांड्याच्या आत जनावर नको म्हणत होतं कुणीतरी," ती भाकरी थापता थापता म्हणायची. "आता स्वयंपाकघरात हे मोठे अन् ती धाकटी, दोघं मिळून माझ्या तव्याकडं बघत बसतात." आप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे आणि भाकरीचा कडक पापुद्रा हळूच खाली सोडायचे.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. डॉक्टरांनी पिंपं, बोगदा, शिडी, फळी सगळं मांडलं होतं. बँकवाल्या काकांचा लॅब्रॅडोर पास झाला, वाटेत एका पिंपाला पाय वर करूनही पास झाला. मग आमची पाळी आली.

पहिल्यांदा कुत्र्याला रेषेमागं बसवायचं, आपण पुढं चालत जायचं, थांबायचं, आणि मगच हाक मारायची. मी सुपारीला बसवलं. चालत गेले. वळले. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले होते आणि सगळं अंग थरथरत होतं. मी हाक मारली, ती सुटली, आणि मग काय झालं ते मला एखाद्या लांबलचक हसण्यासारखं आठवतं. शिडीत एक पाय चुकला नाही. फळीवरून उतरताना टोकाला थांबली. दोन वाटा फुटतात तिथं मी खांदा पिंपाकडं टाकला आणि तिनं बोगद्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटच्या वळणावरून ती आली ती थेट माझ्या अंगावर, आणि आम्ही दोघी मातीत लोळलो. लोक टाळ्या वाजवत होते. बँकवाले काकाही वाजवत होते, हे मी कबूल केलं पाहिजे.

"वा," डॉक्टर म्हणाल्या. "वैजयंता, वा. पास."

"डॉक्टर," कुंपणाजवळून आप्पांचा आवाज आला. "आधी उठली ती."

टाळ्या थांबल्या.

"सुरुवातीला," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "हाक यायच्या आधी उठली. खो मिळायच्या आधीच. फाऊल हाय."

"सर, माझं लक्ष वैजयंताकडे होतं. मी नाही पाहिलं."

"मी पाहिलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपारीच्या मानेत तोंड खुपसलं होतं. "मग नापास म्हणावं लागेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा आहे. ही हमखास पास होईल." दिवाळीनंतर सुपारी जतला मेंढरांमागं असेल, हे त्यांना कुठं माहीत होतं?

स्कूटरवर मी आप्पांच्या मागं बसले, मध्ये सुपारी. घर येईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे पाहत मनात म्हणत होते, एकदा, एकदा तरी तुमची शिट्टी वाजली नसती तर काय बिघडलं असतं. घरी आल्यावर आप्पांनी स्कूटर लावली आणि स्वतःच मामाला फोन केला. "नापास झाली," म्हणाले. "ये." आई त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग आत जाऊन भांडी आपटायला लागली.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो घेऊन आला. हातात नवी दोरी. त्याचंही तोंड काही उजळ नव्हतं. "माझ्या मनात न्हवतं पोरीला रडवायचं," तो आईला म्हणाला. "पण ठरलं ते ठरलं."

"ठरलं ते ठरलं," आप्पा म्हणाले. ते अंगणाच्या मधोमध हात पाठीमागं बांधून उभे होते, सामन्यात उभे राहतात तसे. "घेऊन जा. मी आड येणार न्हाई." सुपारी त्यांच्यापुढं मोकळी उभी होती. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. माझ्यानं उठवत नव्हतं.

मामा दोरी घेऊन पुढं झाला. "ये गं, ये बाई." सुपारीनं मामाकडं पाहिलं. मग तिनं आप्पांकडं पाहिलं, आणि एकदम उजवीकडं सुटली. शेवग्याच्या झाडाला घट्ट वळसा घालून मामाच्या पाठीमागून आली. मामा वळला, तर ती डावीकडं, पाण्याच्या हौदामागून. मामा हौदाकडं धावला, तर ती टेम्पोच्या पलीकडून निघून पुन्हा शेवग्याला. जन्मभर मेंढरांमागं पळालेला माणूस, पण त्याची दोरी हवेतच राहायची. "अगं थांब की," तो म्हणायचा आणि धापा टाकायचा. आई भांडी टाकून दारात येऊन उभी राहिली. बघता बघता तिला हसू यायला लागलं आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

मला मात्र सुपारी दिसतच नव्हती. मी आप्पांकडं बघत होते. त्यांचे हात पाठीमागं घट्ट बांधलेले. तोंड मिटलेलं. नजर समोरच्या भिंतीवर, जशी काही ती भिंतच सामना खेळतेय. आणि खांदा. मामा डावीकडून आला की तो उजवीकडं वळायचा, किंचित, बाही हलल्यासारखा. मामा उजवीकडून आला की डावीकडं.

शेवटी मामा हौदाच्या कठड्यावर मटकन बसला. घाम पुसला. दोरी मांडीवर ठेवली. सुपारी थांबली होती, पण मामापासून लांब, आणि तिचे डोळे अजून आप्पांवरच होते.

"दाजी," मामा म्हणाला. "तुम्ही काय करताय का?"

"मी?" आप्पा म्हणाले. "मी हितंच उभा हाय. तोंडातनं शब्द काढला का?"

"न्हाई काढला." मामानं सुपारीकडं पाहिलं, मग तिच्या नजरेमागं आप्पांकडं. मग हसला. "माझा बा सांगायचा, पळायच्या आधी कुत्रं ज्याच्याकडं बघतंय, ते त्याचं. मालक कुणी का असंना. असलं कुत्रं नेऊन मी काय करू? मेंढरं सोडून मिरजेकडं तोंड करून बसंल." त्यानं दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली. "राहू दे. हिच्या पोटचं पहिलं पिल्लू तेवढं मला द्या. आक्का, चहा टाक."

आई आत गेली. मी पायरीवरून उठले, सुपारीकडं न जाता आप्पांकडं गेले. ते अजून तसेच उभे होते, हात पाठीमागं, नजर भिंतीवर. जवळून पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते.

"आप्पा," मी हळूच म्हटलं. "खांदा फिरला तुमचा. मी पाहिलं."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"सारखा फिरत होता," ते म्हणाले. "मी धरत होतो वैजू. मला आवरला न्हाई."